डाव्या अंगाचा

खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात
हेड्यानं बापाला पहिला प्रश्न विचारला
तो किमतीचा नव्हता, दातांचा नव्हता.
"डावा पायजे का उजवा?"

मी आठ वर्षांची, गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ.
आमचा पाखऱ्या उजवीकडचा. जोडीदार घटसर्पानं गेला
तेव्हापासून गोठ्यातही तो उजवीकडंच उभा राहायचा,
शेजारी एका बैलाची जागा सोडून.

"डावा," बाप म्हणाला.
हेड्यानं रांगेतला तिसरा सोडून आणला, पाठीवर थाप मारली.
"डाव्या अंगाचा हाय. उजव्याला जुंपलासा तर
सरी आडवी घालील. सोभावच त्यो.
मारून उपेग न्हाई."

मी माझा हात बघितला.
पेरांवर कुंभार गुरुजींच्या पट्टीचे वळ होते, परवाचे.
पाटीवर मी 'क' भलत्याच बाजूनं गाठत होते म्हणून.
सिद्धनाथाच्या देवळात प्रसादाला तोच आधी पुढं जायचा,
आणि आई तो पदराखाली ओढून घ्यायची
पाहुण्यांसमोर घरातलं भांडण झाकावं तसा.

मारून उपेग न्हाई.
हे गुरुजींना कुणीतरी सांगायला हवं होतं,
पण हेडी शाळेत येत नाहीत.

मग टॉवेलखाली सौदा. उजव्या हातात उजवा हात,
आत बोटं आकडे बोलत होती, वर दोघं आभाळाकडं बघत.
ठरलं. बाप म्हणाला, कासरा धर.
मी डाव्यानं धरला.
कुणी काही म्हणालं नाही. बैलानं तर नाहीच.

आपली भाषा भारी हुशार.
कुणाला टाळायचं असलं की ती डावलते.
पोरीचं लग्न लावलं की पोर उजवली,
उशिरा का होईना दिवस गेले की कूस उजवली.
कांताला, माझ्या थोरलीला, एकोणिसाव्या वर्षी उजवली.
मी शिरवळला गेले, ढोरांची डॉक्टर व्हायला.

गाभण तपासायच्या तासाला सर म्हणाले,
"डावा हात आत. उजवा नळीला मोकळा ठेवायचा."
पोरांचे डावे हात अडाणी. कधी शाळेतच गेलेले नाहीत.
घाम पुसत नुसते चाचपडत होते.
माझा मार खाऊन शिकलेला.
खांद्यापर्यंत गेला, थांबला,
आणि त्या ओल्या उबेत, आतड्याच्या पलीकडं
लिंबाएवढं काहीतरी त्यानं वाचलं.
"आहे," मी म्हणाले.
नळी धरायला मात्र उजवा बरेच महिने थरथरायचा.
तेही खरं.

काल रात्री करगणीला
कोंडिबा मेटकऱ्याची पहिलारू अडली होती.
एक पाय आलेला, दुसरा आत दुमडलेला.
मोबाईलच्या बॅटरीत, शेणात गुडघे टेकून
मी डावा हात घातला.
गुडघा सापडला. मग नडगी. मग खूर.
खूर मुठीत झाकून घ्यावा लागतो, नाहीतर आईला फाडतो.
कळ आली की हात पिळून निघायचा,
उतरली की दोन बोटं पुढं.
किती वेळ गेला कोण जाणे.
एकदम पाणी, पाय, डोकं,
आणि कोंडिबाच्या धोतरावर अख्खा खोंड.

त्याच्या बायकोनं गूळ आणला.
उजवा खोंडाच्या नाकातली शेंबडी काढत होता,
मी दुसरा पुढं केला, कोपराच्या वर रक्तानं माखलेला.
ती घुटमळली. मग म्हणाली, "आ करा, बाई,"
आणि खडा तोंडातच घातला.
त्यातून काय समजायचं, मला अजून कळलेलं नाही.

उजाडताना खोंड उठायला लागला.
पडला. पुन्हा. खुब्यानं वर, तोंडावर खाली.
पहिला पाय कोणता टाकतोय ते बघायला मी थांबले होते
आणि नेमकं त्याच वेळी कोंडिबानं चहा पुढं केला.
वळून बघते तर उभा.

"काय व्हईल वो बाई ह्यो, डाव्या अंगाचा का उजव्या?"
म्हटलं, जू मानेवर यायला तीन वर्षं आहेत.
तोवर त्याला विचारू नका.